शिकागोतील झाकलेल्या काचा

अमेरिकेची प्रवासवर्णने मराठीत इतकी झाली आहेत, की त्यांत आणखी एकाची भर घालण्यापूर्वी लेखकाने वाचकांची रीतसर अनुज्ञा घ्यावी हे बरे. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ही वाट रुळलेली आहे. रमाबाईंच्या मथळ्यात लोकस्थिती आधी येते, प्रवासवृत्त मागून. पुढे मुले नोकरीनिमित्त तिकडे स्थिरावली, आईवडील सहा-सहा महिन्यांच्या मुक्कामास जाऊ लागले, आणि हा क्रम उलटा झाला. धबधबा, पुतळा, उंच इमारत आणि रस्त्यावर कागदाचा कपटाही नसणे, एवढ्या चार मुद्द्यांवर कित्येक पुस्तके उभी राहिली. आम्ही त्या चार मुद्द्यांपैकी उंच इमारतीचा तेवढा ओझरता उल्लेख करणार आहोत. बाकीचे वाचकांना पाठ आहेत.

आमची सारी नोकरी आदिलाबाद जिल्ह्यात गेली. हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १९५६ मध्ये तो आंध्र प्रदेशात गेला, २०१४ मध्ये तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. पैनगंगेच्या काठाने बेला, जैनथ, तामसी या भागांत घरोघरी मराठी चालते. कचेरीत तेलुगू, जुन्या खासरा पहाणीत उर्दू आणि डोंगरात गोंडी व कोलामी. एका अर्जदाराचे म्हणणे समजून घेण्यास तीन भाषा लागाव्यात, असे दिवस आमच्या नोकरीत पुष्कळ आले. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता शिकागोस मुलाकडे गेलो ते हे सारे डोक्यात घेऊन. पाहुण्याची नजर स्वच्छ असते असे म्हणतात. आमची तशी नव्हती, आणि पुढे जे सांगावयाचे आहे ते त्यामुळेच दिसले.

शिकागो हे अमेरिकेतील मराठी माणसांचे जुने ठाणे आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली याच शहरात झाली. गेल्या गेल्या एका घरगुती संमेलनास जाण्याचा योग आला. यजमानीणबाईंनी अगत्याने विचारपूस केली आणि आदिलाबाद तेलंगणात आहे हे कळल्यावर म्हणाल्या, “अय्या, मग तुमचं मराठी इतकं छान कसं?” सौ. हसून गप्प राहिल्या. त्याच आठवड्यात मुलाच्या परिचयातील एका तेलुगू गृहस्थांनी आमचे आडनाव ऐकून आम्हांस मराठी मंडळाचा पत्ता मोठ्या आपुलकीने दिला होता. यात कोणाचाच दोष नाही. सीमेवरच्या माणसाचे वर्णन नेहमी दुसराच कोणीतरी करीत असतो, याची आम्हांस सवय आहे.

आता स्थलदर्शन. पूर्वी सिअर्स आणि २००९ पासून विलिस या नावाने ओळखला जाणारा मनोरा ११० मजल्यांचा, ४४२ मीटर उंचीचा. तो उभा राहण्याची युक्ती काढणारे अभियंते फजलुर रहमान खान मूळचे ढाक्याचे. नऊ चौरस नळ्या एकमेकींना बांधून केलेली ती रचना आहे. ज्वारीचे एकेक ताट वाऱ्याने लवते, पण कडब्याची पेंढी उभी राहते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. १०३ व्या मजल्यावर भिंतीबाहेर काढलेल्या काचेच्या कोनाड्यात उभे राहून खाली पाहण्याची सोय आहे. सौ. तिथे उभ्या राहिल्या. आम्ही त्यांचे छायाचित्र काढण्याची जबाबदारी पत्करली. मिलेनियम पार्कातील अनिश कपूर यांची ‘क्लाउड गेट’ ही पोलादी कलाकृती, जिला शहरातले लोक ‘बीन’ म्हणजे घेवड्याचा दाणा म्हणतात, तीही पाहिली. कपूर यांचा जन्म मुंबईचा. तो दाणा आरशासारखा लखलखीत असल्याने त्याच्याभोवती जमलेला प्रत्येक जण स्वतःलाच पाहत होता. ढाका आणि मुंबई यांनी या शहराच्या आकाशावर आपापली सही केली आहे, एवढे टिपून आम्ही पुढे जातो.

भारतीय मनुष्य शिकागोस गेला म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या चढतोच, आणि तो चित्रे पाहण्यास जातो असे नव्हे. दोन काशाच्या सिंहांच्या मधून आत जाणाऱ्या या वास्तूत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. इमारत तेव्हा नुकतीच बांधून होत होती. सर्वधर्म परिषदेसाठी तिच्या मागील भागात केलेले सभागृह तात्पुरते होते, ते आज नाही. समोरच्या रस्त्याच्या एका भागास स्वामीजींचे मानद नाव दिले आहे. त्या पाटीखाली छायाचित्र काढण्यासाठी आमच्यापुढे तमिळ, गुजराती आणि बंगाली अशी तीन कुटुंबे उभी होती. त्याच परिषदेत मुंबईहून ब्राह्मोमताचे प्रतिनिधी म्हणून आलेले बी. बी. नगरकर बोलले, पुण्याच्या सोराबजी कुटुंबातील एक कन्या बोलली, जैनांच्या वतीने वीरचंद गांधी बोलले. आपल्याला एकच नाव आठवते, आणि ते साहजिक आहे.

पण ती परिषद सुटी नव्हती. कोलंबसाच्या आगमनाच्या चारशेव्या वर्षानिमित्त भरलेल्या प्रचंड जागतिक प्रदर्शनाची ती एक शाखा होती. मुख्य प्रदर्शन तिथून दहा-अकरा किलोमीटर दक्षिणेस, सरोवराच्या काठी जॅक्सन पार्कात होते. जगातला पहिला फेरिस पाळणा, सुमारे ८० मीटर उंचीचा, तिथेच फिरला. त्या पाळण्याच्या आसपास, ‘मिडवे’ नावाच्या लांब पट्ट्यावर, निरनिराळ्या देशांतील माणसे आणून वसविली होती. तिकीट काढून लोक ती वसाहत पाहत: घरे कशी, पोशाख कसा, नाच कसा. जवळच मानववंशशास्त्राच्या विभागात, पुढे मोठी कीर्ती मिळविलेल्या फ्रान्झ बोआस यांच्या पुढाकाराने व्हँकुवर बेटाकडील क्वाक्वाकावाक्व लोकांचा एक गट येऊन राहिला होता. हेतू अभ्यासाचा होता हे मान्य. पाहणाऱ्यांच्या गर्दीला मात्र अभ्यासाशी कर्तव्य नव्हते.

म्हणजे एकाच शहरात, एकाच उत्सवात, एकाच सप्टेंबरात दोन गोष्टी चालल्या होत्या. एका ठिकाणी माणूस व्यासपीठावर उभा राहून आपण कोण आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगत होता. दुसऱ्या ठिकाणी माणूस उभा होता आणि तो कोण आहे हे पाटीवर दुसऱ्याने लिहिले होते. आपण भारतीय पहिल्या जागेवर पाटीखाली छायाचित्र काढतो. दुसऱ्या जागेकडे जाणारी गाडी आमच्यापैकी फार थोडे पकडतात.

त्या दुसऱ्या जागेतूनही एक आवाज आला होता, आणि तो आम्हांस परत आल्यावरही सोडीत नाही. ज्या भूमीवर शिकागो वसले ती पोटावाटोमी लोकांची. १८३३ च्या तहाने ती त्यांच्या हातून गेली. तहावर ज्यांची निशाणी होती त्यांपैकी एकाचे पुत्र सायमन पोकागन. चारशे वर्षांच्या त्या उत्सवात आपल्या लोकांनी आनंद मानावा असे काही नाही, अशा आशयाची एक पुस्तिका त्यांनी लिहिली आणि ती १८९३ च्या प्रदर्शनात विकली गेली. पुस्तिका कागदावर छापलेली नव्हती. ती भूर्जाच्या सालीवर छापली होती. ‘भूर्जपत्र’ हा शब्द आपण पोथ्यांच्या संदर्भात ऐकतो. इथे एका पराभूत समाजाने आपला निषेध आपल्याच झाडाच्या सालीवर लिहून यंत्रयुगाच्या जत्रेत नेऊन ठेवला. आमच्या मते त्या प्रदर्शनातील सर्वांत मोलाची वस्तू तीच असावी.

प्रदर्शन संपले, पण त्यातील संग्रह उरला. त्यातूनच आजचे फील्ड म्युझियम जन्मास आले. सरोवराकाठच्या सध्याच्या संगमरवरी वास्तूत ते १९२१ पासून आहे. शाळकरी मुले तिथे ‘सू’ नामक डायनोसॉरचा सांगाडा पाहण्यास धावतात. आमची नात नऊ वर्षांची, तीही धावली, आणि तिच्या मागे आम्हीही शक्य तितक्या वेगाने धावलो. सांगाडा पाहून झाल्यावर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या दालनांकडे वळलो, तो काही काचपेट्यांना आतून आच्छादन घातलेले. नातीला वाटले, दुरुस्ती चालू असावी. शेजारच्या एका गृहस्थांनी, तिकिटाचे पैसे भरून पडदेच पाहायचे काय, अशा अर्थाचे काही पुटपुटले.

दुरुस्ती नव्हती. अमेरिकेत १९९० साली एक कायदा झाला. संग्रहालयांनी मूळ रहिवाशांच्या पूर्वजांच्या अस्थी आणि पवित्र वस्तू त्यांना परत कराव्यात, असा त्याचा गाभा. अंमलबजावणी रेंगाळली, हे सांगण्यास अमेरिकेसच जावे लागते असे नाही. जानेवारी २०२४ पासून त्याचे नवे नियम लागू झाले: अशा वस्तू प्रदर्शनात मांडण्यापूर्वी त्या त्या जमातीची संमती हवी. फील्ड म्युझियमने त्याच महिन्यात, संमती मिळेपर्यंत, कित्येक पेट्या झाकल्या. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने तर दोन दालनेच बंद केली.

आम्ही त्या झाकलेल्या काचेपुढे बराच वेळ थांबलो. सरकारी माणसाला नियमाची अंमलबजावणी पाहून एक प्रकारचा आनंद होतो, हे आमच्या व्यवसायबंधूंना कळेल. पण तेवढेच नव्हते. शंभर वर्षे उघडी असलेली वस्तू झाकण्यास जे धैर्य लागते, ते नवी वस्तू मांडण्यास लागत नाही. उघड्या पेटीपुढून आम्ही दहा सेकंदांत पुढे गेलो असतो. झाकलेल्या पेटीने आम्हांस विचारले, की आत जे आहे ते पाहण्याचा परवाना तुम्हांस कोणी दिला?

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. सगळेच झाकले तर पुढची पिढी शिकणार कशावर? दूर देशीच्या माणसाबद्दल आदर वाटण्यास त्याच्या हातचे काम डोळ्यांनी पाहणे हाही एक मार्ग आहे. त्या आक्षेपाचे उत्तर त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, सापडले. न्यूझीलंडच्या टोकोमारू उपसागराकाठी १८८१ साली बांधलेले ‘रुआतेपुपुके’ नावाचे माओरींचे सभागृह तिथे अख्खे उभे आहे. हातोहात विकले जात ते १९०५ मध्ये या संग्रहालयाकडे आले. माओरींच्या दृष्टीने असे घर म्हणजे पूर्वजाचा देह: आढे हा पाठीचा कणा, वासे या बरगड्या. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या गावच्या वंशजांशी संग्रहालयाने बोलणी केली. घर परत मागण्याचा विचार त्यांच्यात झाला, आणि शेवटी ते शिकागोतच राहावे, मात्र त्याची दुरुस्ती आणि देखभाल दोघांनी मिळून करावी, असे ठरले. आज त्यात समारंभ होतात. प्रेक्षकाला आत जाता येते. आम्ही जोडे बाहेर काढले. तसे करा असे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. नातीनेही काढले. कोरलेल्या पूर्वजांच्या डोळ्यांत शिंपले बसविलेले असतात, त्यामुळे पाहणारे आपण आहोत की ते, हे क्षणभर कळत नाही.

तिथे जमिनीवर बसल्या बसल्या नातीने विचारले, “आबा, आपल्या गावाकडचं काही इथे आहे का?”

शिकागोत आहे की नाही याचा शोध आम्ही घेतला नाही. लंडनमध्ये मात्र आहे. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना पडले. त्या उठावानंतर गोंडांच्या मनात काय आहे हे जाणण्यासाठी निजाम सरकारने ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना आमच्या जिल्ह्यात पाठविले. ते पत्नी एलिझाबेथ यांच्यासह मारलावाई या गावी झोपडीत राहिले. गोंड मुलांसाठी त्यांनी शाळा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले. गोंडीची पहिली पाठ्यपुस्तके देवनागरीत निघाली, ही गोष्ट मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. त्यांनी काढलेली हजारो छायाचित्रे आज लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत आहेत. या दांपत्याच्या समाध्या मात्र मारलावाईत आहेत, आणि तेथील लोक त्यांना मान देतात. पाहणारा माणूस पाहून निघून गेला नाही, तर काय होते याचे हे उदाहरण. त्या छायाचित्रांत आज गोंड तरुण आपले पणजोबा शोधतात. म्हणून सर्व संग्रह वाईट, असा निवाडा आम्ही देणार नाही.

पण आपल्याकडे ‘मिडवे’ नाही, असेही म्हणता येत नाही. दिवाळीच्या सुमारास दंडारी सणात गुसाडी नर्तक मोरपिसांचा जड मुकुट घालून गावोगाव फिरतात. त्या दिवसांत त्यांच्या अंगी देव असतो अशी श्रद्धा आहे. सण संपेपर्यंत ते स्नान करीत नाहीत, मुकुटाची पूजा होते, मगच नाच. नोकरीत असताना एका समारंभात आम्ही पाहिले, की कोणी पाहुणे यायचे म्हणून भर उन्हाळ्यात हे मुकुट चढवून नर्तकांना प्रवेशद्वाराशी उभे केले आहे. पाहुणे अडीच तास उशिरा आले. चैत्रात कोणी आमच्या दारी येऊन, पाहुण्यांसाठी गणपती मखरात बसवा आणि आरती म्हणा, असे सांगितले तर आपल्याला जे वाटेल, ते त्या मुकुटांखाली वाटत असले पाहिजे. उलट मारलावाईचेच कनक राजू यांनी हा नाच दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनापर्यंत नेला, तरुणांना शिकविला; २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२४ च्या ऑक्टोबरात ते गेले. नाच तोच. फरक एवढाच, की कोठे नाचायचे हे त्यांनी ठरविले होते.

आणि आपल्याकडे व्यासपीठही आहे. पुष्य अमावास्येस केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातील लोक त्यासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. नव्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते. आणि जत्रेतच दरबार भरतो. हायमेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून चाळीसच्या दशकात तो सुरू झाला. लोकांनी कचेरीत यावे, त्याऐवजी कचेरीने लोकांकडे जावे, हा त्यामागचा विचार. आम्ही त्या मांडवात कागदांच्या गठ्ठ्यामागे बरीच वर्षे बसलो आहोत. तिथे बोलणारा गोंड असतो आणि ऐकणारा अधिकारी. जमीन, विहीर, रस्ता, वनखात्याची नोटीस, सारे तो आपल्या तोंडाने सांगतो. सगळ्या अर्जांचा निकाल लागतो असे सांगून आम्ही वाचकांची करमणूक करणार नाही. तरीही आम्हांस कोणी आदिलाबादेत पाहण्यासारखे काय असे विचारले, तर कुंटाळ्याचा धबधबा आणि बासरची सरस्वती यांच्या आधी आम्ही दरबाराचे नाव घेऊ. त्याच कुळाने २०२२ मध्ये नागोबाचे नवे दगडी देऊळ स्वतःच्या वर्गणीतून पुरे केले.

हे सारे नातीला त्या घरात बसून सांगितले नाही. नऊ वर्षांच्या मुलीस इतके पेलत नाही. पण जून महिन्यात तिच्या उन्हाळी वर्गात प्रत्येकाने घरची एक वस्तू मांडावयाची होती. आम्ही जाताना डोकऱ्याचा एक लहान मोर नेला होता. आमच्या भागातील उशेगाव येथे वोज समाजाचे कारागीर मेणाच्या आकृतीवर माती लिंपून, मेण वितळवून, त्या पोकळीत पितळ ओततात. आदिलाबादच्या या कामास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नातीने इंग्रजीत पाटी लिहिली: मोर, भारत, पितळ. मग पेन हातात धरून तिने विचारले, “कोणी केला?” कारागिराचे नाव आम्हांस ठाऊक होते, कारण मोर आम्ही त्याच्या अंगणातून घेतला होता. तिने ते नाव सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहिले, आणि ‘भारत’ हा शब्द जागा उरली नाही म्हणून कोपऱ्यात गेला. शिक्षिकाबाईंनी पाटी पाहून ती तशीच राहू दिली.

परत आल्यावर आम्ही आमच्या भागातील एका सरकारी प्रदर्शन-दालनास पत्र लिहिले. तेथील डोकरा, निर्मळची लाकडी खेळणी आणि वाद्ये यांच्या पाट्यांवर वस्तूचे नाव व जमातीचे नाव आहे. करणाऱ्याचे नाव व गाव जिथे ठाऊक असेल तिथे लिहावे, आणि पूजेतली वस्तू मांडण्यापूर्वी त्या गावच्या पटेलास विचारून त्याची सही फायलीत ठेवावी, अशा दोन सूचना केल्या. पाट्या तेलुगू आणि इंग्रजीबरोबर गोंडीतही असाव्यात, हेही लिहिले. गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतील गोंडी लिपी २०१८ पासून संगणकाच्या युनिकोडमध्ये आली आहे, तेव्हा छपाईची अडचण सांगता येणार नाही, असे एक वाक्य सवयीने घातले. पत्राची पोच आली आहे. तीवर आवक क्रमांक आहे, आणि आमचे आडनाव तेलुगू पद्धतीने, आधी, लिहिले आहे.